सॉकेट नंबर ३६२

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

घरी बसून आज बारावा दिवस. ही वही तलासरी नाक्यावरून आणली. विमानाच्या कामात पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात भरतात, की जे लिहिलं नाही ते झालंच नाही. तर जे झालं ते लिहून ठेवतो. उद्या कोणी विचारलं तर आपल्याकडे काहीतरी असावं.

मी मुकेश. वय सत्तावीस. मुंबई विमानतळावर विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनीत टेक्निशियन. हे स्वतःच्याच वहीत कशाला लिहितोय कोण जाणे. आठवड्यात तीन जबाब लिहून दिले, त्याची सवय लागली असेल.

२९ जानेवारीला पहाटे उजव्या पंखाखालचं काम संपवून आम्ही चौघं सामान आवरत होतो. मी, हर्षदा, रघ्या आणि आमचे इंजिनिअर सुनिल सर, ज्यांच्या सहीशिवाय विमान जागचं हलत नाही. आमच्यात नियम असा, की स्टोअरमधून हत्यार घेताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खुंटीला अडकवायचा. हत्यार परत दिलं की बिल्ला परत. शिफ्ट संपली की मोजणी. एक जरी हत्यार कमी भरलं तरी विमान सोडायचं नाही, कारण ते आत कुठे पडलं असेल आणि हवेत कशात अडकेल याचा नेम नसतो.

त्या पहाटे हर्षदाच्या बिल्ल्यावरचं एक सॉकेट कमी भरलं. सॉकेट म्हणजे नटावर बसवायची लोखंडी टोपी, बोटाच्या पेराएवढी. त्यावर कोरलेला नंबर ३६२. तोवर सुनिल सरांची सही होऊन विमान हँगरबाहेर निघालं होतं. हर्षदा धावत सुटली आणि ओरडली, “थांबवा!”

विमान सहा तास थांबलं. सगळी झाकणं उघडली, बॅटऱ्या मारून कानाकोपरा बघितला, प्रवाशांनी व्हिडिओ काढून जगभर पाठवले. सॉकेट मिळालं नाही. शेवटी वरच्या लोकांनी कागदावर काय ते लिहून विमान सोडलं. आम्हा चौघांना सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा.

आता माझा भाग. ते सॉकेट मी मध्येच हर्षदाकडून मागून घेतलं होतं. दुसऱ्याच्या बिल्ल्यावरचं हत्यार घ्यायचं नाही हा नियम आहे आणि सगळेच घेतात. स्टोअर पार त्या टोकाला, थंडी मरणाची, बोटं वळत नव्हती. कंपनी गरम जॅकेट देणार देणार म्हणून दोन हिवाळे गेले. “दे गं जरा,” म्हटलं, तिने दिलं. काम झाल्यावर मी ते तिच्या हातात परत दिलं. मला स्पष्ट आठवतंय. ती म्हणते दिलं नाही. मी तिन्ही जबाबांत लिहिलंय, दिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आई पाड्यावरच्या बायांना सांगते, पोरगा सुट्टीवर आलाय. बाया माझ्याकडे बघून हसतात. एवढी सुट्टी कोणाला मिळते ते त्यांनाही कळतं.

पुष्पा पावणेसातला उंबरगावच्या कंपनीच्या गाडीत बसून जाते ती अंधार पडल्यावर येते. बायको कामाला आणि मी ओट्यावर. आज तिला म्हटलं, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? ती म्हणाली, “आमच्याकडं संडासला जायचं तरी टोकन घ्यावं लागतं. दोनच टोकनं, चाळीस बाया. एक हरवलं होतं तर सुपरवायझरनं आठ दिवस एकाच टोकनावर भागवायला लावलं. तुझ्या कंपनीत निदान विमान तरी थांबवतात.”

ती थट्टेवारी नेते. मला हसू येत नाही. चार वर्षांच्या कामाचं माझं लॉगबुक कंपनीच्या कपाटात आहे. प्रत्येक कामाची नोंद, प्रत्येक नोंदीवर इंजिनिअरची सही. त्यावर कंपनीचा शेवटचा शिक्का बसला की लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. नाही बसला तर चार वर्षं पाण्यात, आणि मी सत्ताविसाव्या वर्षी उंबरगावच्या गाडीत पुष्पाच्या बाजूला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुनिल सरांचा फोन आला. स्वतःहून. एवढा मोठा माणूस, पण विसरला नाही.

“मुक्या, टेन्शन घेऊ नको. तू जे लिहून दिलंयस ना, त्यातला काना-मात्रा बदलायचा नाही. ‘हर्षदाच्या हातात दिलं.’ बस. तिच्या बिल्ल्यावर होतं, तिची जबाबदारी. मॅटर क्लोज.”

मी विचारलं, सर, मोजणीच्या आधीच तुमची सही झाली होती त्याचं कोणी काही विचारलं का? ते म्हणाले, तो वेगळा विषय आहे, त्यात तू पडू नको. बरोबरच आहे. इंजिनिअरच्या सहीबद्दल टेक्निशियनने कशाला बोलावं? त्यांच्या आवाजावरून वाटलं की ते आमच्यासाठी खरंच धडपडतायत. जिवात जीव आला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

डहाणूला स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात हर्षदा भेटली. ती चिखल्याची. कंपनीत आम्ही दोघंच या बाजूचे, म्हणून आमचं जमायचं. टाळायचं म्हटलं तरी दुकान एवढंसं, त्यात जातीच्या दाखल्यांसाठी रांग. रांगेतच बोललो.

“मुकेश, तू परत नाही दिलंस.”

“दिलं, हर्षदा.”

“मी तुझ्यावर चोरीचा आळ घेत नाहीये. तू विसरला असशील. कुठं ठेवलंस ते आठव, एवढंच म्हणते.”

“माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुझा ग्लोव्हजवाला हात.”

ती म्हणाली, “माझ्या हातात त्या दिवशी ग्लोव्हज नव्हते. मिळालेच नव्हते.”

मला राग आला. एक बारीकशी गोष्ट पकडून माणूस खोटा ठरवायचा. ग्लोव्हज असतील नाहीतर नसतील. तिला म्हणे कंपनीने सांगितलंय, चूक कबूल कर, ताकीद देऊन परत घेऊ, नाहीतर लॉगबुक विसर. ती म्हणाली, “जी चूक केली नाही ती कबूल करायची? आणि मीच ओरडून विमान थांबवलं ना? न ओरडता बिल्ला काढून घरी आले असते तर आज ड्युटीवर असते.”

यावरचं उत्तर मला एसटीत बसल्यावर सुचलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दक्षिणेत एक नवी कंपनी मोठं हँगर उभं करतेय. रघ्याने लिंक पाठवली. फॉर्ममध्ये एक रकाना आहे, ‘कंपनीकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?’ चार ओळींची जागा.

खरं लिहायचं तर मला थंडीत जॅकेट पाहिजे. ज्याला त्याला पुरतील एवढी हत्यारं पाहिजेत, म्हणजे कोणाच्या बिल्ल्यावर उसनं घ्यायला नको. ट्रेनिंग वेळेवर, लॉगबुक आपल्या हातात. शिफ्टचा कागद आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी. आणि कोणी ‘थांबवा’ म्हणून ओरडलं तर त्याला आधी पाणी विचारतील, नोटीस नंतर, अशी माणसं पाहिजेत. जिथे माणूस साहेबासमोर उभा राहून ‘साहेब, माझ्याकडून चुकलं’ म्हणू शकेल आणि दुसऱ्या दिवशी कामावर असेल. अशी कंपनी असते का? आमच्यात जेवणाच्या सुट्टीत या गप्पा व्हायच्या, पगाराच्या कमी आणि याच्या जास्त. कोणीतरी म्हणायचं, परदेशात असते. मग सगळे हसायचे.

फॉर्मवर लिहिलं, ‘प्रगतीची संधी व उत्तम वातावरण.’

२३ फेब्रुवारी, रविवार

पुष्पाची सुट्टी. थंडी सरली म्हणून ती गोधड्या, स्वेटर, माझं निळं जॅकेट घेऊन बोअरवर धुवायला गेली. मी मागे बादली घेऊन. तिने जॅकेट दगडावर आपटलं आणि ठण्‌ असा आवाज झाला.

“आत काय हाय रे?” तिने अस्तरावरून हात फिरवला. आतल्या खिशाची शिवण उसवली होती, त्यातून खाली घसरून ते पार शिवणीच्या टोकाला गेलं होतं. तिने बोट घालून बाहेर काढलं, पाण्यात बुचकळलं आणि नंबर वाचला. “तीन सहा दोन. तुझं ना हे?”

आमच्या गणवेशाला खिसे नसतात. याचसाठी नसतात. वर घरचं जॅकेट घालायचं नाही हाही नियम आहे.

मी म्हटलं, जुनं आहे, भंगारातलं. तिने सॉकेट माझ्या तळहातावर ठेवलं आणि पुढची गोधडी घेतली.

पत्र्याच्या पेटीत ठेवलंय, सर्टिफिकेटांच्या खाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज फोन करणार होतो. नेटवर्क नव्हतं.

टाकीजवळ नेटवर्क असतं. तिथपर्यंत गेलो होतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शांत डोक्याने विचार केला. आधी सगळी माहिती गोळा करायला पाहिजे. घाईत फोन केला तर त्यांना वाटेल मी जाणूनबुजून लपवलं होतं. तीन जबाब खोटे ठरतात. उसनं हत्यार, खिशाचं जॅकेट, खोटा जबाब, तीन गुन्हे एका माणसावर. हर्षदाने काहीच केलं नव्हतं, उलट विमान थांबवलं, तिचे हे हाल. माझं काय करतील?

आणि हर्षदाला ताकीदच देणार आहेत. ताकीद म्हणजे काही फाशी नव्हे.

जेवण जात नाही. आई म्हणते कोणाची नजर लागली. ती मीठ-मिरच्या ओवाळते आणि मी मुकाट बसून राहतो. आपल्याला काय लागलंय ते आपल्याला माहीत असताना ओवाळून घेणं फार वाईट.

३ मार्च, सोमवार

दक्षिणेच्या कंपनीची मुलाखत, व्हिडिओवर. डहाणूच्या झेरॉक्सवाल्या दिपकने मागची खोली दिली, चिकूचे रिकामे क्रेट बाजूला सारून. पलीकडे दोघं होते. एक तरुण साहेब आणि एक पिकल्या केसांच्या बाई, मराठीच निघाल्या, बावीस वर्षं याच कामात.

कामाचं सगळं विचारलं. सगळं आलं. चार वर्षं उगाच नाही काढली. मग बाईंनी विचारलं, “तुमच्या हातून कधी एखादं हत्यार हरवलंय? किंवा चुकून घरी गेलंय?”

“नाही, मॅडम.”

त्या हसल्या. “कधीच नाही? माझ्याकडून तीनदा झालंय. एकदा तर टॉर्च स्कूटरच्या डिकीत सापडली.”

मला काय खुळा समजतात? असं गोड बोलून तोंडातून काढून घ्यायचं ही त्यांची जुनी पद्धत. मी सावध होतो. म्हटलं, “नाही मॅडम, मी मोजणीला फार काटेकोर आहे.”

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाल्या, “ठीक आहे. सध्याच्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र मात्र लागेल.”

सापळा होता, टाळला. बाहेर येऊन दोन ग्लास उसाचा रस प्यालो.

६ मार्च, गुरुवार

निवड झाली! २४ तारखेला हजर व्हायचं, कार्यमुक्तीच्या पत्रासह. पगाराचं काय ते नंतर लिहीन, आधी हे की थंडीचं जॅकेट त्यांच्या यादीत छापलेलंच आहे, दोन नग. सुनिल सरांना फोन केला. ते म्हणाले, चौकशी मिटली की पत्र हातात. १२ तारखेला चौकशी. “येऊन फक्त तेच वाक्य बोल आणि मोकळा हो.”

बाबा ताडावरून उतरून आले, त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “हिकडची नोकरी का सोडतस?” मी म्हटलं, तिकडे माणसांना किंमत आहे. बाबांनी मान हलवली आणि मडकं घेऊन आत गेले.

रात्री पेटीकडे पाठ करून झोपतो. तरी डोळ्यांसमोर येतं.

९ मार्च, रविवार

सुटलो!

सुनिल सरांचा फोन. हर्षदाने काल लिहून दिलं, सॉकेट माझ्याकडून हरवलं. त्यांनीच तिला समजावलं म्हणे, मजकूरही तेच बोलले, तिने फक्त उतरवून सही केली. तिला ताकीद, मग परत ड्युटीवर. १२ ची चौकशी रद्द, आम्ही सगळे निर्दोष, माझं पत्र आठवडाभरात. सर म्हणाले, “बघ, कोणाचंच नुकसान नाही.”

खरंच कोणाचंच नाही. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला. तलासरीहून पाव किलो जिलबी आणली. आईबाबांनी खाल्ली. पुष्पा म्हणाली, “मला नको.” पुष्पाला जिलबी म्हणजे जीव की प्राण. आज तिचं पोट बिघडलं असेल.

११ मार्च, मंगळवार

रघ्याचा फोन. तो परत ड्युटीवर लागलाय. मी सहज म्हटलं, आता आराम ना?

“कसला आराम! ते सॉकेट कुठं मिळालंय? त्या गाडीची उजव्या पंखाखालची झाकणं दर तिसऱ्या दिवशी उघडायची, बघायचं, परत लावायची. ऑर्डर हाय. अकरा वेळा उघडली. स्क्रूची डोकी पार झिजली. काल गाडी उतरली तर एका झाकणाचे दोन स्क्रू जाग्यावर नव्हते, झाकण एका बाजूनं उचललेलं. नशीब गेलं नाही उडून.”

मी विचारलं, विमानात किती माणसं होती?

“फुल्ल,” तो म्हणाला. “का रे?”

झाकण शेपटीला लागलं असतं तर काय होतं ते मला माहीत आहे. तेही शिकवलेलं आहे. ती माणसं जे शोधतायत ते माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटाखाली पडलंय. माझ्यामुळे एक धडधाकट विमान अकरा वेळा उघडलं. उद्या बारावी वेळ असेल.

पुष्पाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला बोअरवरच कळलं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते.” मी विचारलं, तूच का नाही बोललीस? ती म्हणाली, “कंपनी तुझी. तोंड पण तुझंच पाहिजे.”

१२ मार्च, बुधवार

सकाळच्या एसटीने डहाणू, तिथून बोर्डीच्या गाडीने चिखले. फोन आधी कंपनीला करायला पाहिजे होता हे मला कळतं. पण हर्षदाच्या सहीनंतर तिला न विचारता करणं बरं दिसेना. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे एकट्याने करायची छाती नव्हती.

ती ओट्यावर आईबरोबर चिकू निवडत होती. मी काही न बोलता सॉकेट टोपलीच्या कडेवर ठेवलं. तिने उचललं, नंबर वाचला. तिच्या आईने विचारलं, काय आहे गं? ती म्हणाली, “काही नाही, आई. चहा टाक.” आई आत गेली.

“कुठं होतं?”

“जॅकेटच्या अस्तरात.”

“कधी सापडलं?”

मी म्हटलं, “काल.”

तिने डोळे मिटले. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. “चार दिवस, मुकेश. चार दिवस आधी सापडलं असतं तर मी सही केली नसती. सुनिल सर तासभर फोनवर होते. शेवटी वाटलं, जाऊ दे, आपलाच हात चुकला असेल. हळूहळू मला तसंच आठवायला लागलं होतं, माहितेय? तू परत देतोयस आणि मी खाली पाडतेय असं.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझी तरी काय चूक? तुला कुठं माहीत होतं?”

मी टोपलीतले दोन चिकू उचलून निवडलेल्यांत टाकले.

मी म्हटलं, आता बोललो तर तुझी कबुली खोटी ठरेल, तुलाही काढतील. तू सांगशील तसं करू. ती म्हणाली, “आणि विमान?” मी रघ्याचं सगळं सांगितलं. ते ऐकताना ती उभी राहिली आणि पुरतं ऐकूनही घेतलं नाही. फोन काढला, थेट क्वालिटी विभागाच्या साहेबांना लावला. सुनिल सरांना नाही. स्पीकर चालू केला.

“सर, हर्षदा बोलतेय. ३६२ सापडलंय. विमानात नाही. माझ्या हातात आहे. ती झाकणं उघडणं आजच्या आज थांबवा आणि स्क्रू सगळे बदला. मी लिहून दिलं ते खोटं होतं, त्याचं जे करायचं ते करा.”

साहेब म्हणाले, “नंबर पुन्हा वाचा.” तिने वाचला. “कोणाकडे सापडलं?” तिने फोन माझ्यापुढे धरला. मी नाव सांगितलं, बिल्ला नंबर सांगितला, जॅकेटचं सांगितलं. पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता.

“सापडल्याची तारीख?”

मला ‘काल’ म्हणायचं होतं. हर्षदा समोर उभी होती, आत्ताच तिला सांगितलेलं. पण समोरचा माणूस नोंद करत होता. नोंदीत तारीख खोटी सांगायची सवयच जिभेला नाही, चार वर्षांत एकदाही सांगितली नव्हती. तोंडातून निघालं, “तेवीस फेब्रुवारी.”

साहेबांनी तारीख परत म्हणून दाखवली. मी हो म्हटलं. ते म्हणाले, वस्तू आजच मुंबईला घेऊन या, आणि फोन ठेवला.

हर्षदाने बोटांवर मोजलं नाही की काही नाही, पण मनात मोजलं ते मला दिसलं.

“सतरा दिवस,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला लागलो. मुलाखत, लॉगबुक, भीती. तिने ऐकलं नाही. सॉकेट एका कापडात बांधलं, स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. “हे मी नेते. तुझ्याकडे देत नाही.”

तिची आई चहा घेऊन आली. हर्षदा म्हणाली, “चहा पी आणि जा.”

प्यालो. एवढा गरम चहा मी आयुष्यात इतक्या पटकन प्यालो नाही.

१५ मार्च, शनिवार

काल परवा शिमगा झाला. पाड्यावर सगळे नाचले. मी लाकडं वाहिली आणि घरी आलो.

कंपनीचं पत्र ईमेलवर. मला काढलं. कारणं तीन, मी धरली होती तीच, आणि चौथं, सतरा दिवस माहिती दडवणे. लॉगबुकवर शिक्का मिळणार नाही. हर्षदाची कबुली रद्द, बिल्ल्यावर उसनं दिल्याबद्दल ताकीद, १ एप्रिलपासून ड्युटी. हे रघ्याकडून कळलं, तिने फोन घेतला नाही. तिने तिथे लेखी विचारलंय म्हणे, मोजणीआधी सही कशी झाली आणि तिच्या कबुलीचा मजकूर तिला कोणी सांगितला. सुनिल सरांना रजेवर पाठवलंय. मी त्यांनाही फोन करून बघितला. नंबर लागत नाही. एवढं सगळं करून शेवटी त्यांनाच त्रास झाला, असं मनात आलं. मग हर्षदाची ती गोष्ट आठवली, हळूहळू तसंच आठवायला लागलं होतं ती. मलाही तो ग्लोव्हजवाला हात दिसायचा. तो मला कधीपासून दिसायला लागला, सरांच्या पहिल्या फोनच्या आधी की नंतर, हे आता काही केल्या सांगता येत नाही.

दक्षिणेच्या कंपनीला मी स्वतःच सगळं लिहून पाठवलं. पत्राशिवाय घेणार नाहीत हे ठाऊक होतं. तरी पाठवलं. कोणी सांगितलं म्हणून नाही.

१९ मार्च, बुधवार

त्या पिकल्या केसांच्या बाईंचं उत्तर आलं. सकाळी टाकीजवळ उभा राहून वाचलं, मग घरी आलो. पुष्पा डबा भरत होती. “काय लिहिलंय?” तिने विचारलं. मी वाचून दाखवलं.

‘तुम्ही स्वतःहून कळवलंत याबद्दल आभार. आमच्याकडे हत्यार हरवलं किंवा चुकून घरी गेलं म्हणून कोणालाही काढत नाहीत. सांगितलं की आम्ही ते लिहून घेतो, शोधतो आणि पुढे जातो. जुन्या कंपनीने काढलेली माणसंही आम्ही घेतलेली आहेत. कार्यमुक्तीच्या पत्राची अट तुमच्यासाठी सोडली असती. ३ मार्चला मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. तेव्हा ते तुमच्या घरात होतं. क्षमस्व.’

रस्त्यावर उंबरगावच्या गाडीचा हॉर्न वाजला. पुष्पाने डब्याचं झाकण लावलं, चपला घातल्या.

“चांगली कंपनी होती की मग,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.